आधी गिऱ्हाईक, मग बिऱ्हाड

गावाकडे परतून स्वतःचा छोटासा धंदा करावा, हा विचार मुंबई-पुण्यातल्या नोकरदार मराठी घरांत आता उघडपणे बोलला जातो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक कुटुंबे कित्येक महिने गावच्या घरी राहून आली आणि तेव्हापासून या विचाराने जोर धरला. कोणाला कोकमाचे आगळ, आंबापोळी, काजू विकायचे असतात, कोणाला वडिलोपार्जित घरात पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करायची असते, कोणाला कऱ्हाड-साताऱ्याकडे मसाले किंवा गुळाचे पदार्थ तयार करायचे असतात. बोलणे इथवर आले की पुढचा प्रश्न क्रमाचा असतो. आधी गावी जाऊन राहायचे आणि मग धंद्याला हात घालायचा, की आहे तिथेच धंदा सुरू करायचा आणि तो चालू लागला की मुक्काम हलवायचा? बहुतेक घरांत पहिलाच क्रम ठरतो, कारण जिथे धंदा करायचा तिथे आधी जायला हवे हे कोणालाही पटण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की शहरातून गावाकडे निघालेल्या बहुसंख्य कुटुंबांसाठी हा क्रम उलटा असायला हवा. गिऱ्हाईक आधी मिळवावे, ते निदान एक वर्ष टिकते का ते पाहावे आणि बिऱ्हाड सर्वांत शेवटी हलवावे.

गावी जाऊन धंदा करणे हा बोलताना एक निर्णय वाटतो, पण त्यात तीन निर्णय असतात. महिन्याचा पगार थांबतो, राहण्याची जागा बदलते आणि कधी न केलेले काम सुरू होते. यातला प्रत्येक बदल एकेकटा पेलता येतो. नोकरी सुटलेली माणसे सावरतात, बदलीच्या गावी लोक रुळतात, नवे काम शिकता येते. पण शाळा उघडायच्या आत म्हणून हे तिन्ही बदल एकाच मे महिन्यात उरकले, तर दिवाळीपर्यंत काहीतरी बिनसते आणि ते नेमके कशामुळे बिनसले हे कळायला मार्ग उरत नाही. माल खपला नाही तो चवीमुळे, किमतीमुळे, पोचवण्याच्या खर्चामुळे, की मुलीला नवी शाळा रुचत नाही म्हणून घरात चाललेल्या ओढाताणीत धंद्याकडे लक्षच राहिले नाही म्हणून? कारण कळले नाही तर उपाय करता येत नाही. आणि कारण कळेपर्यंत भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम संपत आलेली असते. छोटा धंदा पहिल्या प्रयत्नात सहसा जमत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दुरुस्तीनंतर तो जमतो, म्हणून दुरुस्तीपुरते पैसे आणि धीर हाताशी राहणे हीच त्याची खरी पुंजी आहे. तिन्ही बदल एकदम केले की ही पुंजी बिऱ्हाड बसवण्यात खर्च होते.

आता गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहू. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. त्याच दहा वर्षांत पुणे जिल्हा ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला. या आकड्यांचा अर्थ कोकणात धंदा करू नये असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की कोकणच्या मालाचे वाढते गिऱ्हाईक कोथरूड, ठाणे, डोंबिवली, बोरिवलीत राहते. कोकमाचे आगळ मालवण-कुडाळकडे घरोघरी होते, ते विकत घ्यायला शेजारी येणार नाही. म्हणजे पुण्यात राहणारे कुटुंब हा धंदा करायला गावी जाते, तेव्हा ते आपल्या गिऱ्हाइकाच्या दारातून उठून साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब जाते, आणि मग तेच गिऱ्हाईक फोनवरून, मोबाइलवरच्या गटांतून, पार्सलमधून पुन्हा शोधू लागते. सोसायटीतली ओळख, कचेरीतले सहकारी, मुलांच्या शाळेतले पालक ही मंडळी रोज भेटत होती तेव्हाच त्यांना माल चाखायला देणे सोपे होते. शहरातल्या नोकरदाराची ही ओळख हे त्याचे सर्वांत मोठे भांडवल आहे. बिऱ्हाड आधी हलवणारा ते न वापरताच मागे टाकतो.

हे जरा जवळून पाहावे. पुण्यातल्या एखाद्या जोडप्याला आगळाचा धंदा करायचा आहे असे धरू. कोकम एप्रिल-मेमध्ये पिकते आणि पाऊस लागायच्या आत काम उरकावे लागते. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः यंत्र घेऊ नये. कुडाळकडच्या एखाद्या परवानाधारक बचत गटाकडून शंभर बाटल्या घ्याव्यात, विक्रेता म्हणून स्वतःची अन्न नोंदणी करावी आणि ओळखीच्या चाळीस घरांत त्या विकाव्यात. एवढ्याने काय काय कळते! पार्सलमध्ये आडवी पडलेली बाटली झाकणाशी पाझरते आणि खोका लाल होतो. ओल्या हाताने बाटली धरली की लेबलावरची शाई पसरते. दोन माणसांच्या घराला मोठी बाटली नको असते, पाव लिटरची हवी असते, आणि पाव लिटरला बाटली-झाकणाचा खर्च मालाच्या मानाने किती जड जातो ते हिशेब मांडल्यावर लक्षात येते. उन्हाळ्यात हातोहात गेलेला माल आषाढात जागचा हलत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाळीसपैकी किती घरांनी न विचारता दुसऱ्यांदा मागणी केली, हे कळते. पहिली खरेदी ओळखीखातर होते. दुसरी खरेदी मालासाठी होते आणि धंदा त्या दुसऱ्या खरेदीवर उभा राहतो. हा आकडा पाच निघाला तर मालाचा, मापाचा किंवा किमतीचा फेरविचार करायचा. तो पुण्यातल्या स्वयंपाकघरात, पगार चालू असताना करणे आणि गावच्या पडवीत, शेवटची ठेव मोडून झाल्यावर करणे यांत फार अंतर आहे.

या क्रमालाही किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. अन्न परवाना पत्त्याशी बांधलेला असतो. जागा बदलली की नव्या जागेचा परवाना किंवा नोंदणी नव्याने घ्यावी लागते. लेबलावर पत्ता आणि चौदा आकडी परवाना क्रमांक छापावा लागतो, म्हणजे जागा बदलल्यावर जुनी लेबले वाया जातात. यावर उतारा साधा आहे. पहिल्या वर्षी पाच हजार लेबले छापायची नाहीत, दोनशेच छापायची, नग महाग पडला तरी. उद्यम नोंदणी फुकट होते आणि पत्ता बदलला तरी त्यात दुरुस्ती करता येते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतही राज्यातल्या राज्यात पत्ता बदलून घेता येतो. उलट पहिल्या वर्षी पुण्यात विकण्याचा एक फायदा असा की राज्यातल्या राज्यात बहुतेक मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत कर नोंदणीची सक्ती नाही. तेच कुटुंब आधी सावंतवाडीला जाऊन बसले आणि तासाभरावरच्या म्हापशातल्या दुकानांना करपात्र माल देऊ लागले, तर राज्याची सीमा ओलांडली म्हणून पहिल्या रुपयापासून नोंदणी आणि विवरणपत्रे मागे लागतात. धंदा अजून रांगत असताना हे ओझे कशाला घ्यायचे?

मराठी उद्योगाचा इतिहासही या क्रमाच्या बाजूने बोलतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हाच बेळगावात किर्लोस्कर बंधूंचा सायकलींचा धंदा सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि बंधू रामुअण्णा बेळगावात त्या विकत, चालवायला शिकवतही. नोकरीत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला गेले, पण ते गेले ते चालत्या धंद्यात. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी नांगराला हात लावेनात, तो काळही त्यांनी बेळगावातच काढला. नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ देऊ केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्या उजाड माळावर माणसे आणि यंत्रे नेण्याचे धाडस करता आले, कारण तोवर नांगराला मागणी होती आणि जवळून रेल्वे जात होती. म्हणजे त्यांनी धंद्यासाठी असा दोनदा मुक्काम हलवला आणि दोन्ही वेळा धंदा आधी होता. चितळ्यांच्या घरातही हा विचार वेगळ्या रूपाने दिसतो. दुधाचा धंदा १९३९ मध्ये भिलवडीला, कृष्णाकाठी, जिथे दूध होते तिथे सुरू झाला आणि १९५० मध्ये पुण्यात, जिथे घेणारे होते तिथे दुकान आले. एका कुटुंबाने माल आणि गिऱ्हाईक या दोन्ही टोकांना आपली माणसे ठेवली. आजच्या चौकोनी कुटुंबाला ते जमत नाही, म्हणूनच त्याने आधी कुठल्या टोकाला राहायचे याचा विचार जास्त बारकाईने करायला हवा.

थोरांच्या चरित्रावरून नियम काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. यशस्वी झालेल्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. म्हणून थोडा मोजलेला पुरावा पाहू. मायकेल डाल आणि ओलाव सोरेनसन यांनी डेन्मार्कमधल्या नव्या उद्योगांची माहिती तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला, की संस्थापक ज्या भागात अधिक वर्षे राहिला आहे त्या भागात काढलेला उद्योग जास्त टिकतो आणि जास्त नफा मिळवतो. अमेरिकेतल्या माहितीवर जोसेफ रॅफी आणि जिए फेंग यांचा २०१४ चा अभ्यास आहे. नोकरी चालू ठेवून धंदा सुरू केलेल्या आणि मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्या लोकांनी धंदा बंद करण्याची शक्यता, थेट नोकरी सोडून उडी घेणाऱ्यांपेक्षा, त्यात सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. डेन्मार्क म्हणजे कोकण नव्हे, हे खरेच. पण कारण दोन्हीकडे लागू पडते. माल कोण उधार देतो, पैसे कोण बुडवतो, भरवशाचा कारागीर कोण, हे माहीत असायला त्या जागी वर्षे काढावी लागतात. इथे कोणी म्हणेल की मग गावच बरे, तिथे तर पिढ्यान्‌पिढ्यांची मुळे आहेत. मुळे आहेत, पण पंधरा-वीस वर्षे पुण्यात काढलेल्या माणसाचे गावाशी नाते गणपती, शिमगा आणि लग्नकार्यापुरते उरलेले असते. तिथला बाजार, तिथले दर, तिथली माणसे या काळात बदलून गेलेली असतात. व्यवहाराच्या दृष्टीने तो आता पुण्याचा स्थानिक आहे आणि गावी पाहुणा आहे, हे मान्य करायला मन धजत नाही.

सर्वांत जोरदार आक्षेप खर्चाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. गावी स्वतःचे घर आहे, भाडे नाही, भाजीपाला स्वस्त आहे, मग तीच बचत दुप्पट काळ पुरेल आणि धंद्याला सावकाश वाढता येईल, असे म्हणणारा माणूस चुकीचे बोलत नाही. पण ही बचत कागदावर दिसते तेवढी हाती लागत नाही. शहरातल्या घराचा हप्ता सुरूच राहतो. बंद घर राहण्याजोगे करताना कौले, वायरिंग, संडास, विहिरीचा पंप असा खर्च निघतो. कचेरीच्या विम्यात असलेले आईवडील बाहेर पडतात आणि त्यांचा वेगळा विमा काढावा लागतो. गिऱ्हाईक शहरात असल्यामुळे महिन्यातून दोनदा तरी फेरी होते आणि मालावर वाहतूक चढते. म्हणजे पहिले वर्ष-दोन वर्षे दोन्हीकडचा खर्च चालतो. जिथे तो चालत नाही, तिथे मात्र माझा विरोध नाही. घरून काम करण्याची मुभा असलेली नोकरी पगारासह गावी नेता येत असेल, किंवा हिशेबनिसी, अनुवाद, आराखडे काढण्यासारख्या कामाची गिऱ्हाइके आधीच हातात असतील, तर खुशाल आधी जावे. अशा माणसाची मिळकत आहे तशी राहते, बदलतो तो फक्त पत्ता.

दुसरा आक्षेप जागेशी बांधलेल्या धंद्यांचा. पर्यटकांची सोय करायची असेल तर ती तारकर्लीतच करावी लागणार, पुण्यातल्या गाळ्यात नव्हे. बरोबर आहे. पण अशा धंद्यातही खोल्या बांधणे हा भाग नंतरचा आहे, खोल्या भरणे हा आधीचा. एक खोली नीटनेटकी करून, गावातल्या चुलतभावाला किंवा शेजारच्या काकूंना वाटा देऊन, डिसेंबर ते मे असा एक हंगाम शहरात राहून चालवता येतो. नोंदण्या कोण घेतो, शनिवार-रविवारखेरीज कोणी येते का, माशांचे दर वाढले की ताटाचा भाव किती ठेवावा लागतो, हे एका हंगामात कळते. आणि एक पावसाळाही पाहावा. मेच्या सुट्टीत किंवा नाताळात दिसणारे गाव वेगळे आणि जुलैतले वेगळे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले आणि दुकानांतला माल चिखलात गेला. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर तीन वर्षांत पाहिले. घेतलेला गाळा पाण्याखाली जातो का, वीज किती दिवस जाते, कुठला रस्ता खचतो, हे विचारायला संसार घेऊन जावे लागत नाही. भर पावसात आठ दिवस रजा काढून जावे लागते.

काही धंद्यांत मात्र गिऱ्हाईक त्या गल्लीतच असते आणि लांबून चाचणी घेता येत नाही. पंप दुरुस्ती, औषधांचे दुकान, शिवणकाम, खाणावळ ही अशी कामे आहेत. लातूर-बीडकडून पुण्यात येऊन विद्यार्थ्यांसाठी मेस काढणाऱ्या तरुणाला तू आधी गावातून चालवून बघ, असे सांगणे निरर्थक आहे. त्याने आधी यायलाच हवे. पण येऊन लगेच गाळ्याची अनामत भरू नये. वर्षभर दुसऱ्याच्या मेसमध्ये राबावे, किती पोळ्यांना किती पीठ लागते, परीक्षा संपल्यावर किती डबे बंद होतात, महिन्याचे पैसे कोण थकवतो हे पाहावे आणि मग स्वतःचा चुलखंड मांडावा. इथे क्रम उलटा झाला तरी तत्त्व तेच राहते. गिऱ्हाईक जिथे आहे तिथे आधी राहावे, आणि मुक्काम व धंदा या दोन्ही गोष्टी एका दमात बदलू नयेत.

सरकारी अनुदानाचे गणित या चर्चेत हटकून निघते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांनुसार सर्वसाधारण प्रवर्गातल्या अर्जदाराला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते. महिला, मागासवर्गीय आणि इतर विशेष प्रवर्गांना हेच प्रमाण २५ आणि ३५ टक्के आहे. शिवाय हे अनुदान नव्या उद्योगालाच मिळते. मग आधीच शहरात धंदा सुरू करून दहा टक्के का घालवायचे, असे विचारले जाते. २० लाखांच्या प्रकल्पावर हा फरक दोन लाखांचा आहे. घरहप्ता, शाळा, विमा धरून महिना ४५ हजार लागणाऱ्या कुटुंबाचे हे साडेचार महिन्यांचे पैसे झाले. न अजमावलेल्या मालाच्या मागे लागून साडेचार महिने वाया जाणे किती सहज घडते, हे धंदा करणारा कोणीही सांगेल. दुसरे असे की अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत अडकून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. कर्ज मात्र सगळे फेडायचे असते, आणि माल खपला तरच ते फिटते. दुसऱ्याचा माल थोडा विकून पाहणे आणि गावी यंत्रे बसवून उत्पादन सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी नोंदणी कुठल्या नावाने आणि कशाची करायची, हे पहिल्या विक्रीच्या आधीच जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावे.

कागदपत्रांचे काम मात्र लवकरात लवकर गावी सुरू करावे, कारण ते वाटते त्याहून रेंगाळते. वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव असते किंवा तीन चुलते आणि दोन आत्या सामाईक असतात. बँक कर्जासाठी जागेचा कागद मागते, म्हणजे सगळ्यांची संमतीपत्रे लागतात, आणि त्यातले एक चुलते बडोद्याला, एक आत्या बेळगावला असते. शेतजमिनीत शेड घालायची तर बिनशेतीचा प्रश्न येतो. यंत्रासाठी थ्री फेज जोडणी हवी, तर खांब किती लांब आहे यावर खर्च ठरतो. ही कामे पगारी रजा घेऊन करता येतात. मुलाबाळांसह गावी येऊन बसलेल्या आणि रोज पंचायतीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला घाई असते. ज्याला घाई असते तो कमी हिश्शावर सही करतो आणि जास्त व्याजाचे कर्ज उचलतो.

या साऱ्या चर्चेत एका गोष्टीचा विचार फार उशिरा होतो आणि मला ती सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. बिऱ्हाड हलते तेव्हा बहुतेक वेळा बायकोची नोकरी जाते. स्वप्न नवऱ्याच्या गावाचे असते, घर त्याच्या आईवडिलांचे असते, आणि शिक्षिका किंवा बँक कर्मचारी असलेल्या बाईने चाळिशीत आपले बारा-पंधरा वर्षांचे काम सोडून सासरच्या घरात बिनपगारी भागीदार व्हावे, अशी अपेक्षा न बोलता धरली जाते. तिला स्वतःहून तेच हवे असेल तर प्रश्नच नाही, आणि अशा धंद्यांत अनेकदा तीच खरी उद्योजक असते. पण पहिल्या दोन वर्षांत तिचा पगार हाच घराचा आधार असतो. तो तोडून धंदा उभा करणे म्हणजे आधीच्या तीन बदलांत चौथा घालणे आहे. धंदा आधी, बिऱ्हाड नंतर या क्रमात तिला निर्णयासाठी वेळ मिळतो आणि हाताशी आकडे मिळतात. वर्षभराची विक्रीची वही समोर असली की नवरा-बायकोचे बोलणे मनाच्या ओढीवर न राहता हिशेबावर येते. मुलांच्या शाळेमुळे स्थलांतर जूनमध्येच करावे लागते, नववी-दहावीच्या मुलाला हलवता येत नाही, ही अडचणही याच क्रमात सोयीची ठरते. दहावी संपायला दोन वर्षे असतील तर धंदा अजमावायला दोन वर्षे हातात आहेत.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, नोकरीची दोरी धरून राहणारा जीव ओतून धंदा करत नाही, असेही म्हटले जाते. पण वर उल्लेखलेला अमेरिकी अभ्यास नेमका याच्या उलट सांगतो, आणि लक्ष्मणरावांनी जीव ओतला नाही असे कोण म्हणेल? संध्याकाळी सात ते दहा आणि रविवार एवढ्याच वेळात ज्याला चाळीस घरे सांभाळता येत नाहीत, त्याला मोकळा दिवस मिळाल्यावर चारशे सांभाळता येतील याची खात्री काय? ज्यांना नोकरीच्या नियमांमुळे जोडधंदा करता येत नाही त्यांची अडचण खरी आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही, आणि खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रांतही अशी अट असू शकते. ती लपूनछपून मोडू नये. अशांनी वर्षभराचा घरखर्च बाजूला काढून नोकरी सोडावी, पण घर सोडू नये.

सरकारला ही माणसे गावी परत यायला हवी असतील, तर अनुदानाचे निकषही या क्रमाला पूरक हवेत. आज अर्जासोबत प्रकल्प अहवाल लागतो आणि त्यातली विक्री अंदाजाने लिहिलेली असते. त्याऐवजी ज्याने वर्षभर थोडा का होईना माल खरोखर विकून दाखवला आहे, त्याची विक्रीची नोंद गुण देताना वर धरावी. शहरात चाचणी घेऊन ग्रामीण भागात उत्पादन नेणाऱ्याला, आधीच्या छोट्या नोंदणीचे कारण न दाखवता, नवा उद्योग म्हणून वाढीव अनुदान मिळेल असे नियमात स्पष्ट लिहावे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राने रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगलीसाठीची प्रशिक्षणे पुण्यात आणि ठाण्यातही शनिवार-रविवारी घ्यावीत, कारण या जिल्ह्यांत परतू पाहणारे लोक सध्या तिथे राहतात. आणि जिल्हा उद्योग केंद्रांनी महिन्यातला एक दिवस दूरदृश्य संवादासाठी राखून ठेवावा, म्हणजे जागा, वीज आणि परवान्याचे प्रश्न गावाला जायची गाडी पकडण्याआधीच विचारता येतील.